बेंबीच्या डावीकडे दोन बोटं

बडोदे,
२८ डिसेंबर

तीर्थस्वरूप प्रेमलाताईस,

बडोद्याहून धाकट्या श्रीकृष्णाचा नमस्कार. वाकून करायला सध्या जमत नाही (पोटावर तीन-चार ठिकाणी दुखतं, कारण पुढे येईलच), तेव्हा मान झुकवून केलेला गोड मानून घे. गोड हा शब्द आमच्या घरात हल्ली जपून वापरतात, पण पत्रात चालून जाईल. तुझे गुडघे कसे आहेत? इंदूरला आमच्यापेक्षा थंडी जास्त, त्यात तू पहाटे उठून अंगण झाडणार, आणि नको म्हटलं तर झाडू उगारणार, म्हणून मी काही म्हणत नाही.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार ओळींचं. पहिल्या तीन ओळींवरून कळलं की आपल्या आत्याच्या मुलाने, जयवंतरावांनी, तुला फोन केला होता, आणि मी आमच्या निरुपमाच्या साखरपुड्यात पाटावर बसल्या बसल्या वरपक्षाचा साखरेचा पुडा फोडून साखर खाल्ली असं सांगितलं. अप्पांच्या मुलाला हे शोभतं का, असं तू विचारलंस. चौथ्या ओळीत, तुझं इन्सुलिन पुन्हा वाढवून चव्वेचाळीस केलं आहे, एवढं लिहून सही. ताई, तिसऱ्या ओळीपर्यंत मला राग आला होता. चौथी वाचली आणि राग राहिला बाजूला. ते का, ते शेवटी सांगतो, कारण सगळं सांगितल्याशिवाय तू ऐकायची नाहीस. फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हो-हो करतो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढाच माझा फायदा.

आपल्या घरात जागेचं केवढं प्रस्थ, हे तुला मी काय सांगायचं. अप्पा संस्थानाच्या जामदारखान्यात, म्हणजे खजिन्यात, कारकून होते. संस्थान विलीन झालं, पुढे गुजरात राज्य झालं, पण आपल्या घरातला जामदारखाना अप्पा होते तोवर चालूच होता. छत्रीचा खिळा ठरलेला, अडकित्त्याचा कोनाडा ठरलेला, वहाणा काढायच्या तिथे फरशीवर रंगाने पावलं काढलेली (माझी पावलं मी दहा वर्षांचा असताना काढली होती, आणि माझं लग्न होईपर्यंत मी त्यांतच वहाणा बसवत होतो). विळी जागेवर नसली की स्वयंपाक थांबायचा. तू अजूनही भाऊबीजेला आलीस की खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला असेल त्याच्यासमोर काही न बोलता उभी राहतेस, आणि तो उठतो. मीही त्याच वळणाचा. एकतीस वर्षं मकरपुऱ्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये तपासनीस होतो. माझं मापयंत्र कुणी दुसऱ्या खणात ठेवलं तर दिवसभर जेवण जात नसे. हे सगळं उगाळतोय ते एवढ्यासाठी की जे झालं ते ह्या शिस्तीमुळे झालं, हावरेपणामुळे नाही. (हावरेपणाचा भाग थोडा आहे. तो पुढे.)

सहा वर्षांपूर्वी गोळ्यांनी भागेना म्हणून मला इन्सुलिन लिहून दिलं, तेव्हा मी ते पेन फ्रिजमध्ये ठेवलं आणि आठ दिवस फ्रिज उघडलाच नाही. थंड पाणी प्यायचं सोडलं. तेवढ्यात भाऊबीज आली. तू ओवाळलंस, तबक खाली ठेवलंस, आणि मला आतल्या खोलीत नेऊन सदरा वर करायला लावलास. बेंबीच्या डावीकडे दोन बोटं मोजलीस आणि म्हणालीस, "ही तुझी जागा. रोज इथेच. तिला सवय झाली की सुई कळतसुद्धा नाही." तू तोवर आठ वर्षं टोचून घेत होतीस, म्हणजे माझ्या दृष्टीने तू डॉक्टरच्या वरची. आणि तुझं म्हणणं खरंही ठरलं. दोन-अडीच महिन्यांत सुई कळेनाशी झाली. कारखान्यातल्या जुन्या दोस्तांना मी पोट उघडं करून दाखवत असे, की बघा, डोळ्याची पापणी हलते का. जागा ठरली, तशी वेळही ठरली. बाराला टोचायचं आणि साडेबाराला पानावर बसायचं.

पण साखर काही दाद देईना. चौदा युनिटांचे अठरा झाले, अठराचे चोवीस, मग तीस, मग छत्तीस. दर खेपेला डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेने बघत की मला आपणहून खिसे उलटे करून दाखवावेसे वाटत. सरोजिनीने तर घरात चौकी बसवली. साखरेच्या डब्याला कुलूप. (पाहुण्यांना चहा हवा असेल तर ती पूजेतून उठेपर्यंत थांबायचं, किल्ली तिच्या कमरेला.) कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला ती "काकाने कशुं आपशो नहीं" असं बजावून आली, त्यामुळे तो मला साधी शेवही देत नाही, फक्त केम छो विचारतो. सहा वर्षं मी माझ्याच घरात आरोपी म्हणून राहिलो, ताई. निरुपमासुद्धा ऑफिसातून आली की माझ्या तोंडाचा वास घ्यायची.

साखरपुडा रविवारी होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी सरोजिनी मला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. निरुपमाएवढी मुलगी, गुजराती, हसतमुख. आजवरच्या डॉक्टरांनी माझे कागद तपासले होते, हिने मला तपासलं. सदरा वर करायला सांगितला, बोटांनी पोट चाचपलं, आणि बेंबीच्या डावीकडे थांबली. "अंकल, अहीं तो आखो बटाको छे," म्हणाली, आणि माझा हात धरून माझीच बोटं तिथे टेकवली. खरोखरच बटाटा, कातडीखाली, मऊसर, मध्यम आकाराचा. ताई, मी हजारांश इंचाचा फरक नखाने सांगणारा माणूस, आणि सहा वर्षं स्वतःच्या सदऱ्याखालचा बटाटा मला कळला नाही. एकाच जागी रोज टोचलं की तिथे अशी गाठ धरते, म्हणे. गाठीत सुई दुखत नाही, आणि गाठीतलं औषध अंगातही धड पोचत नाही. कधी अर्धं, कधी पाव, कधी भलत्या वेळी. साखर चढते, डॉक्टर औषध वाढवतात, आपण तेही त्याच गाठीत घालतो. ती म्हणाली, ही जागा आता काही महिने सोडून द्या आणि रोज जागा बदला. आणखीही एक गोष्ट तिने सांगितली, पण तेव्हा सरोजिनी बाहेर फोनवर होती. विहीणबाईंचा फोन होता, हॉलच्या खुर्च्यांबद्दल.

विहीणबाई म्हणजे चारुलताबाई, गोरव्याच्या. शाळेत व्यायामाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या आहेत पण शिट्टी सुटलेली नाही. सोयरीक ठरताना त्यांनी मला सरळ विचारलं होतं, तुम्हाला काही दुखणं आहे का. मी म्हटलं, थोडी साखर आहे, गोळीवर आहे. सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची तिची पद्धत नाही, ते ती घरी आल्यावर करते. मोहनराव, म्हणजे व्याही, गरीब माणूस. बायको बोलत असताना ते छताकडे बघतात.

घरी आल्याबरोबर सरोजिनीने माझ्या पोटाचा नकाशा काढला. भूगोल शिकवण्यात जन्म गेलेला, तिला तेवढंच हवं होतं. बेंबी मध्ये राजधानी, भोवती ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य असे चार भाग, एकेक आठवडा एकेक भाग, आणि रोज आदल्या दिवसाच्या जागेपासून एक बोट अंतर. (पूर्व माझ्या बाजूने धरायची की तिच्या, ह्यावर आमचं जेवण निवलं.) नकाशा कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. आता खरं सांगतो. शुक्रवारी मी आतल्या खोलीत गेलो, सुई नव्या जागी टेकवली, आणि ती दुखली. सहा वर्षांनी दुखली. मी ती उचलली आणि आपल्या जुन्या जागी नेली, आणि बाहेर येऊन सांगितलं, आग्नेय. शनिवारीही तसंच. माणसाला आपल्या घरी जावंसं वाटतं, त्यातलाच तो प्रकार.

रविवारी मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा होता, आणि पानं साडेबाराला वाढायची असं आचाऱ्याने कबूल केलं होतं. तरसालीचा हॉल, चाळीस माणसं. मी रेशमी धोतर आणि उपरणं घेतलं होतं. पावणेबारालाच सरोजिनी मला हॉलच्या मागच्या खोलीत घेऊन गेली आणि समोर उभी राहिली, हातात नकाशाची घडी. तिला शुक्रवारपासून संशय होता. पळवाट नव्हती. तिच्या देखत, नव्या जागी, छत्तीस युनिट. दुखलं. मी सुई काढली तेव्हा बाराला पाच मिनिटं होती. आम्ही बाहेर येऊन पाटावर बसलो, गुरुजींनी गणपतीची सुपारी मांडली, आणि तेव्हा वरपक्षाच्या लक्षात आलं की मुलीच्या बोटात घालायची अंगठी गोरव्याला कपाटात राहिली.

आता गोरवा गावाच्या एका टोकाला आणि तरसाली दुसऱ्या. हंबीरराव म्हणून मुलाचे काका, ते मोटारसायकल घेऊन निघाले. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, तोवर कलशपूजन सावकाश करू, मुहूर्त साधला असं धरायचं. कुणालाच हरकत नव्हती. मलाही बारा-वीसपर्यंत नव्हती. बारा-पंचवीसला माझ्या मानेवरून एक थेंब खाली गेला. डिसेंबरात. मी वर पंखा बघितला, तो बंद होता, माणसं शाली पांघरून बसली होती. मग पोटात खड्डा पडला. भूक म्हणतात ती ही नव्हे, ताई. कुणी आतून बादलीने उपसतंय असं वाटलं. मला कळलं काय होतंय ते. असल्या वेळेसाठी मी नेहमी लिमलेटच्या गोळ्यांची डबी बाळगतो, आणि त्या डबीचीही जागा ठरलेली आहे. पँटचा उजवा खिसा. पँट घरी खिळ्याला होती.

तू म्हणशील, हाक मारायची. कुणाला? सरोजिनी शेजारी बसली होती, पण पुढ्यात कलश, कानात गुरुजींचा मंत्र आणि समोर चारुलताबाई. साखर मागितली की गोळीवरचा माणूस साखर का मागतो हे सांगावं लागणार, आणि मग थोडी साखर म्हणजे किती, आणि मग मुलीचा बाप सोयरिकीतच खोटं बोलला, आणि हे सगळं निरुपमा समोर बसलेली असताना. ती त्या दिवशी इतकी आनंदात होती, ताई. हिरवी साडी नेसली होती. मी म्हटलं, हंबीरराव येतच असतील, दहा मिनिटं काढू. हात थरथरायला लागला, अक्षता बोटांतून गळायला लागल्या. गुरुजींना वाटलं मला भरून आलंय. माझ्यापासून दीड हातावर तबकात तो पुडा होता. चारुलताबाईंनी स्वतः केलेला, उंच, लाल कागदाचा, मोती आणि जर लावलेला, चार दिवस खपल्या होत्या म्हणे. हल्ली पेढे घालतात, त्यांनी जुन्या रीतीने साखर भरली होती. अर्धा किलो. मी त्याच्याकडे बघत होतो. हात आपोआप तिकडे गेला, तो गुरुजींनी अलगद धरून पुन्हा फुलांवर ठेवला. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा जरा दाबून ठेवला. जयवंतरावांना समजलं ते एवढंच. त्यानंतर त्यांनी जे पाहिलं ते त्यांना समजलं नाही.

चारुलताबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, उकडतंय. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल बघितली. मग मी गुरुजींना आमच्या टूलरूमच्या फोरमनच्या नावाने हाक मारली आणि शिफ्ट कधी सुटणार ते विचारलं. सरोजिनीने माझा दंड धरला. पुढचं मला काचेच्या पलीकडे चाललेलं दिसावं तसं आठवतं. चारुलताबाई उठल्या आणि नेहमीच्या शिट्टीच्या आवाजात मोहनरावांना म्हणाल्या, "अहो, तो पुडा द्या इकडे." मोहनराव म्हणाले, अजून अंगठी आली नाही. त्यांनी पुडा ओढून घेतला. तार लावली होती, ती निघेना, तेव्हा दातांनी तोडली. मोती सगळीकडे उडाले. कलशावरचा नारळ त्यांनी उचलून गुरुजींच्या हातात दिला, आंब्याची पानं बाजूला केली, फुलपात्रात साखर ओतून कलशाचं पाणी घातलं, आणि एका हाताने माझी मान धरून घोट घोट पाजलं. गुरुजी नारळ धरून उभे होते. निरुपमा रडत होती, तेवढं मला ऐकू येत होतं.

दहा-बारा मिनिटांनी मी माणसांत आलो. मधे काहीतरी बोललो म्हणे. काय ते मला आठवत नाही, आणि सरोजिनीला विचारलं की ती भाजी निवडायला घेते. मग मला भिंतीला टेकवून वरणभात भरवला, आणि हंबीरराव अंगठी घेऊन आले तेव्हा मी धोतराने तोंड पुसत होतो. उरलेला पुडा वरून मुडपून, आचाऱ्याकडचं रबर लावून, तोच निरुपमाच्या ओटीत घातला. सगळं आटोपल्यावर चारुलताबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता मोडलं. मी गोळीचं खोटं सांगून टाकलं, मान खाली घालून. त्यांनी माझ्या उपरण्याला अडकलेला एक मोती काढला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे याल तेव्हा खिशात साखर घेऊन या, व्याही. आणि खिसा असलेले कपडे घाला." ही गोष्ट जयवंतरावांनी तुला सांगितली नसणार.

तेव्हा शोभलं की नाही ते आता तू ठरव. मी सध्या नकाशाबरहुकूम चालतो. आज वायव्य. दंडावर एक बटण चिकटवलं आहे, ते साखर मोजतं आणि कमी झाली की ओरडतं. त्याचीही जागा दर पंधरा दिवसांनी बदलायची असते, ह्या दंडावरून त्या दंडावर. अप्पांनी हे सगळं बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, ते मनात येतं आणि मी सदरा खाली करतो. निरुपमाचा तुला नमस्कार. लग्न वैशाखात आहे. खिडकीजवळची खुर्ची तुझीच.

तुझा,
श्रीकृष्ण

ता. क. वर एक गोष्ट गाळली. सरोजिनी फोनवर बाहेर होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की नवी जागा औषध पुरतं पोचवेल, म्हणून डोस छत्तीसचा अठ्ठावीस करा, आणि दोन दिवसांनी फोन करा. कागदावर लिहूनही दिलं होतं. मी तो कागद घरी आणून नेमका वैद्यकीय फाईलीत लावला आणि कुणाला बोललो नाही. कारण रविवारी बासुंदी होती. मी मनात हिशेब केला, छत्तीसच राहू दे, दोन वाट्या खाता येतील. आणि सहा वर्षं फरसाणवाल्याकडून नाही, तरी स्टेशनजवळच्या दुकानातून मी अधूनमधून खातच होतो, हेही आता सांगून टाकतो. सगळे म्हणतात सरोजिनीच्या नकाशाने घात केला. ती ऐकून घेते आणि मी गप्प बसतो. मला ह्याची लाज वाटते, ताई. तिला अजून माहीत नाही.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं ह्याच्यासाठीच. आता दार लाव आणि बेंबीच्या डावीकडे दोन बोटं हात ठेवून दाबून बघ. चौदा वर्षं झाली तुला त्या जागेवर. माझी सहा वर्षांत बटाट्याएवढी झाली. चव्वेचाळीस उगाच झालेले नाहीत. पण माझ्यासारखं करू नकोस. आपल्या मनाने जागा बदलून चव्वेचाळीस घालू नकोस, घरात तू एकटी असतेस, तिथे ना कलश ना चारुलताबाई. आधी डॉक्टरांना पोट दाखव, डोस कमी करून घे, मग जागा सोड. नवी जागा दुखेल. मला तू शिकवलंस म्हणून मी तुला दोष देत नाही. तुझ्याशिवाय मी ते पेन फ्रिजमधून काढलंच नसतं.

वन्सं, सरोजिनीचा नमस्कार. पत्र वाचू नकोस म्हणून बजावून ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. अठ्ठावीसचा कागद मला त्याच रविवारी संध्याकाळी सापडला. ह्या घरात काही लपवायचं तर ते जागेवर ठेवून कसं चालेल? पंधरा दिवस वाट बघतेय, हे स्वतःहून कधी सांगतात. आता तुम्हाला सांगितलं आहे, मलाही सांगतील. तोवर मला माहीत आहे हे कळवू नका. स्टेशनजवळचं दुकान मात्र मला नवीन आहे, ते मी बघते. आणि पाटावर हे काय बोलले ते मी ह्यांना सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. साखरेचं पाणी पोटात गेलं, डोळे उघडले, तेव्हा ह्यांनी निरूचं नाव घेतलं नाही, माझं तर नाहीच. "ताईला सांगा," म्हणाले, "ती जागा सोड म्हणावं." तीनदा म्हणाले. मला त्याचा फार राग आला होता, थोडा अजून आहे. तेव्हा आधी पोटाला हात लावून बघा, आणि लगेच फोन करा. ह्यांना नको, मला.